रेवामाईच्या वाटेवर चालते घर

कार्तिक शुद्ध एकादशी. चार मास योगनिद्रेत असलेले भगवान श्रीविष्णू आज जागे होतात, आणि त्यांच्याबरोबर आपल्या घरांतील थांबलेली कितीतरी कार्येही जागी होतात. तुळशीच्या वृंदावनाला रंग चढतो, लग्नांच्या तिथी पाहिल्या जातात, चंद्रभागेच्या वाळवंटात टाळमृदंगांचा गजर उठतो. याच सुमारास विंध्य आणि सातपुडा यांच्या मधून वाहणाऱ्या एका नदीच्या दोन्ही तीरांवर पावले पुन्हा चालू लागतात. चातुर्मासात एका जागी मुक्काम करून राहिलेले परिक्रमावासी झोळी, काठी आणि कमंडलू उचलतात, आणि "नर्मदे हर!" असा घोष करीत वाटेला लागतात.

वरळी कोळीवाड्याला चातुर्मासाचे हे थांबणे परके नाही. जून आणि जुलै हे दोन महिने पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात, जाळी विणली आणि सांधली जातात, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण केल्यावर नवा हंगाम सुरू होतो. ज्यांच्या घराला थांबणे आणि निघणे या दोन्हींची शिस्त पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे, अशा एका घरात यंदा नर्मदा परिक्रमेचा संकल्प झाला आहे. मात्र ही परिक्रमा पायी नव्हे, गाडीने करावयाची आहे. त्या घराची तयारी पाहण्याचा योग आला, आणि गाडीने यात्रा करू इच्छिणाऱ्या अनेक भाविक कुटुंबांना ती मार्गदर्शक ठरेल असे वाटल्यावरून हा लेखप्रपंच.

परिक्रमा म्हणजे काय?

नर्मदा ही आपल्या देशातील अशी नदी आहे की जिच्या उगमापासून संगमापर्यंत आणि संगमापासून पुन्हा उगमापर्यंत अखंड प्रदक्षिणा घालण्याची परंपरा आजही जिवंत आहे. मैकल पर्वतावरील अमरकंटक येथे ती प्रकट होते आणि सुमारे १३१२ किलोमीटरांचा प्रवास करून गुजरातेत भडोचच्या पश्चिमेस खंबातच्या आखाताला मिळते. स्कंदपुराणाच्या रेवाखंडात तिचे माहात्म्य विस्ताराने आले आहे. मार्कंडेय ऋषींनी तिची पहिली परिक्रमा केली अशी श्रद्धा आहे. गंगेत स्नान केल्याने जे पुण्य लाभते ते नर्मदेच्या केवळ दर्शनाने लाभते, असे आपले वडीलधारे सांगत आले आहेत. तिच्या पात्रातील बाणलिंगांना तर प्राणप्रतिष्ठेचीही आवश्यकता मानली जात नाही.

शास्त्रोक्त पायी परिक्रमेला तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस लागतात असे म्हणतात. गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा' या पुस्तकामुळे ही वाट कित्येक मराठी घरांत पोहोचली. परंतु प्रपंचातून इतका काळ काढणे सर्वांना साधत नाही, आणि वार्धक्यात पायही साथ देत नाहीत. त्यामुळे वाहनाने परिक्रमा करण्याची रीत गेल्या काही दशकांत रूढ झाली आहे. अठरा-वीस दिवसांत ती पूर्ण होते.

परिक्रमा पायी असो वा वाहनाने, तिचे दोन नियम मात्र बदलत नाहीत. माई सदैव उजव्या हाताला असली पाहिजे, आणि तिचे पात्र मध्येच कोठेही ओलांडता कामा नये. उपनद्या ओलांडाव्या लागतात, त्याला दोष नाही. पण नर्मदेवरचा पूल परिक्रमावासीसाठी नाही.

हा दुसरा नियम वाहनधारकाने विशेष मनात धरावा. गाडी हे साधनच मुळी जवळच्या वाटेसाठी निर्माण झालेले. समोर पूल दिसला की चाक आपोआप तिकडे वळते. परिक्रमेत मात्र पूल दिसला की त्याला नमस्कार करून त्याच तीराने पुढे जावयाचे. गाडीच्या यात्रेची सारी आखणी या एका गोष्टीभोवती करावी लागते.

तिथी आधी, तारीख नंतर

त्या घरातील आजींचे वय सत्तरीच्या पुढे आहे. त्यांचे यजमान तांडेल होते. परिक्रमेची इच्छा मूळची त्यांची, पण ती मनातच राहिली. आता आजींनी ती आपल्याकडे घेतली आहे. ओटीवर मुले, सुना, नातू असे सारे जमले होते. मुलाने कागदावर अठरा दिवसांचे अठरा रकाने पाडून आणले होते. आजींनी तो कागद बाजूला ठेवला, भिंतीवरचे पंचांग मागवले आणि प्रथम एवढेच विचारले, "समुद्रावरची नाव कोणत्या तिथीला घ्यायची आहे?"

प्रश्न अगदी मर्माचा होता. दक्षिण तीराने पश्चिमेकडे जात जात यात्रेकरू नर्मदेच्या मुखाजवळ विमलेश्वर येथे पोहोचतो. तेथून उत्तर तीरावरील मिठी तलाईला जाण्यासाठी नावेतून संगम पार करावा लागतो. ही नाव नदीच्या पात्रातून नव्हे, तर नदी जेथे समुद्राला मिळते त्या विस्तीर्ण पाण्यावरून जाते. म्हणून ते पात्र ओलांडणे न ठरता प्रदक्षिणेचेच वळण ठरते. या प्रवासाला साधारणतः तीन-चार तास लागतात आणि नावेची वेळ घड्याळावर ठरत नाही, भरतीवर ठरते. कधी ती पहाटे निघते, कधी रात्री. भरती चुकली की पुढच्या भरतीची वाट पाहत बसावे लागते.

कोळी माणसाला भरती शिकवावी लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, आणि भरतीची वेळ दररोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, हे गणित कोळीवाड्यातील लहान मुलालाही येते. परंतु आजींचे यजमान सांगत असत की आपल्या बंदराचे गणित दुसऱ्याच्या बंदरात चालत नाही. मुंबईच्या समुद्रात उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत सुमारे पाच मीटरांचा फरक पडतो. खंबातच्या आखातात भावनगराकडे हाच फरक दहा मीटरांच्याही वर जातो. निमुळत्या होत जाणाऱ्या त्या आखातात पाणी कोंडले जाऊन उंच चढते आणि तितक्याच वेगाने उतरते. उतरले की मागे मैलोन्‌मैल चिखल उरतो. तेथील भरतीची वेळही मुंबईहून वेगळी. म्हणून विमलेश्वरला पोहोचण्यापूर्वी तेथील नावाड्यांकडून वेळ विचारून घ्यावी, आणि त्या जागी हातात किमान एक दिवस मोकळा ठेवावा, असे ठरले. मुलाच्या कागदावर अठराचे एकोणीस रकाने झाले.

कुटुंबांनी हे सूत्र ध्यानी ठेवावे. प्रथम संगमाचा दिवस धरावा, तेथून मागे मोजीत प्रस्थानाचा दिवस काढावा, आणि पुढे मोजीत समाप्तीचा. मकरसंक्रांत आणि माघ शुद्ध सप्तमीची नर्मदा जयंती या पर्वांना तीरावर अपार गर्दी असते. त्या दिवशी अमरकंटक, जबलपूर किंवा नर्मदापुरम येथे असण्याचे भाग्य मोठे खरे, पण गाडी उभी करावयास जागा आणि वृद्धांना निवारा मिळणे तितकेच कठीण. पौष-माघात अमरकंटकच्या उंचीवर थंडी कडाक्याची असते, हेही मुंबईकरांनी विसरू नये. आपल्याकडे शाल पुरते, तेथे रजई लागते.

वाट कोणती?

मुंबईहून निघणाऱ्याने ओंकारेश्वरापासून आरंभ करणे सोयीचे. आग्रा रस्त्याने नाशिक, धुळे, शिरपूर, सेंधवा असे जावे. याच रस्त्याने सरळ गेल्यास खलघाट येथे नर्मदेवरचा पूल लागतो. त्याच्या अलीकडे जुलवानियापाशी उजवीकडे वळून खरगोन, सनावद या मार्गाने गेल्यास पूल न ओलांडता ओंकारेश्वरच्या दक्षिण तीरावर पोहोचता येते. संकल्पापूर्वी पूल ओलांडला तर नियमभंग होत नाही, परंतु मन आधीपासूनच शिस्तीत असलेले बरे. ज्योतिर्लिंग ओंकारेश्वर नदीमधील मांधाता बेटावर आहे. तेथे जाण्यासाठी पात्र ओलांडावे लागते, म्हणून ते दर्शन संकल्पाच्या आधी घ्यावे. संकल्प झाल्यावर दक्षिण तीरावरील ममलेश्वराचे दर्शन घेऊन निघावे.

संकल्पाच्या वेळी माईचे जल एका लहान कुपीत भरून घेतात. ही कुपी म्हणजेच प्रवासातील देव्हारा. तिची नित्य पूजा होते, आणि परिक्रमा पूर्ण झाल्यावर ते जल ओंकारेश्वराला अर्पण करतात.

ओंकारेश्वरहून बडवानी, तेथून खेतियामार्गे आपल्या महाराष्ट्रातील शहादा. जवळच तापीकाठचे प्रकाशा हे प्राचीन तीर्थ आहे, तेथे मुक्काम करता येतो. पुढे तळोदा, अक्कलकुवा, मग गुजरातेतील डेडियापाडा, राजपिपळा. या टप्प्यात गाडीचा रस्ता माईपासून बराच दूर जातो. पूर्वी पायी परिक्रमावासी येथे शूलपाणीच्या झाडीतून तीरातीराने जात. सरदार सरोवर धरणाच्या जलाशयाने ती जुनी वाट, शूलपाणेश्वराचे जुने मंदिर आणि तीरावरची कितीतरी गावे पोटात घेतली. मंदिराची पुनःस्थापना गोरा येथे झाली आहे. धरण २०१७ साली राष्ट्राला अर्पण झाले. त्याचे पाणी आज दूरवरच्या कोरड्या शेतांत आणि घरांत पोहोचते, हे खरे. आपल्या अक्रणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील ज्या आदिवासी बांधवांनी पिढ्यान् पिढ्या परिक्रमावासीला भाकरी घातली, त्यांची घरे त्या पाण्याखाली गेली, हेही खरे. गाडीतून तो प्रदेश ओलांडताना त्यांच्यासाठी एक क्षण हात जोडावेत. यात्रा म्हणजे केवळ देवळांची मोजणी नव्हे.

राजपिपळ्याहून अंकलेश्वर, हांसोट आणि विमलेश्वर. संगमानंतर उत्तर तीराने पूर्वेकडे वळल्यावर भडोच, शुक्लतीर्थ, नारेश्वर, चांदोद, गरुडेश्वर. मराठी माणसाला या टप्प्यात माहेरी आल्यासारखे वाटते. गरुडेश्वर येथे प. पू. वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामींची समाधी आहे. सिंधुदुर्गातील माणगाव येथे १८५४ साली जन्मलेल्या या यतिवर्यांनी १९१४ साली याच तीरावर देह ठेवला. त्यांचे शिष्य रंग अवधूत महाराज यांचे स्थान नारेश्वरला आहे. पुढे कुक्षीमार्गे पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे महेश्वर, मग नर्मदेचे नाभिस्थान मानले जाणारे नेमावर, जबलपूरचा ग्वारीघाट, आणि अखेर अमरकंटक. तेथे माईच्या उगमाला वळसा घालून दक्षिण तीर गाठावयाचा, आणि नर्मदापुरम, हंडिया करीत पुन्हा ओंकारेश्वर. सारा रस्ता तीन हजार किलोमीटरांच्या वर भरतो. दिवसाकाठी सरासरी पावणेदोनशे किलोमीटर धरावेत. त्याहून अधिक धरल्यास दर्शन राहते आणि नुसता प्रवास उरतो.

चालत्या घराचा शिधा

अलीकडे ज्यात झोपण्याची, स्वयंपाकाची आणि प्रसाधनाची सोय असते अशा कॅरव्हॅन गाड्यांचा बोलबाला झाला आहे. परदेशांत अशी घरे घेऊन कुटुंबे महिनोन्‌महिने नद्यांच्या काठाने हिंडतात. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. परंतु आठ-दहा माणसांच्या कुटुंबाला ती सोय अपुरी आणि महागडी वाटते. म्हणून या घराने सतरा आसनांची टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली, मागच्या रांगा काढून तेथे शिधा, अंथरुणे आणि चुलीचे सामान ठेवावयाचे योजले, आणि रात्रीचा मुक्काम धर्मशाळांतून किंवा आश्रमांच्या आवारात करावयाचे ठरविले.

सामानाची यादी सुनेने लिहिली, पण ती सांगितली थोरल्या मुलाने. तो होडीवरचा माणूस. खोल समुद्रात जाणारी होडी कित्येक दिवस बाहेर राहते, तेव्हा डिझेल, बर्फ, गोडे पाणी, तांदूळ, डाळ, मसाला, औषधे यांचा हिशेब बंदरावरच पुरा करावा लागतो. मध्येच दुकान लागत नाही. "गाडी म्हणजे जमिनीवरची होडीच," असे तो म्हणाला, आणि त्याच पद्धतीने यादी झाली. पिण्याच्या पाण्याची स्वतंत्र टाकी. गॅसची टाकी लहान, उभी आणि पट्ट्याने घट्ट बांधलेली. गाडी चालू असताना तिची चावी बंद, आणि स्वयंपाक केवळ गाडी थांबल्यावर उघड्यावर. वृद्धांच्या नित्याच्या औषधांचा पंचवीस दिवसांचा साठा. बॅटऱ्या, दोर, ताडपत्री. मध्य प्रदेश आणि गुजरात या राज्यांत चालण्यासाठी पर्यटक वाहनाचा अखिल भारतीय परवाना आणि विमा यांची कागदपत्रे निघण्यापूर्वी स्वतः पाहून घ्यावीत.

कोळी घरात मासळीवाचून जेवण सुने वाटते, हे सांगणे नको. पण परिक्रमेच्या काळात चूल सोवळी राहावयाची. त्यात कोणाला अवघड वाटले नाही. श्रावण आणि मार्गशीर्षातील गुरुवार पाळणाऱ्या घराला त्याची सवय असतेच.

शिध्याबाबत एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. नर्मदातीरी सदावर्ताची थोर परंपरा आहे. आश्रमांतून, गावांतून परिक्रमावासीला अन्न किंवा कोरडा शिधा दिला जातो. हे सदावर्त मुख्यतः पायी चालणाऱ्यांसाठी आहे, ज्यांच्या झोळीत उद्याचा घास नसतो. गाडीतून येणाऱ्या दहा-पंधरा जणांनी त्या पंक्तीत बसावे हे प्रशस्त नव्हे. आश्रमाने आग्रह केला तर प्रसाद म्हणून घास घ्यावा, आणि आपल्याकडील तांदूळ-डाळ तेथे ठेवून निघावे. वाटेत पायी परिक्रमावासी भेटले तर त्यांना पाणी द्यावे, फळ द्यावे, नमस्कार करावा. गाडीत बसण्याचा आग्रह मात्र करू नये. त्यांचे चालणे हेच त्यांचे व्रत आहे.

तसेच घाटावर गाडी नेऊन धुऊ नये, साबणाने स्नान वा कपडे धुणे करू नये, प्लॅस्टिकच्या द्रोणातील दिवे पाण्यात सोडू नयेत. कणकेचा किंवा पानाचा दिवा पुरे. ज्या जलाला आपण कुपीत घालून पुजतो, त्यातच आपला केर टाकणे हा विसंगतीचा कळस होय.

सारथ्याचे काय?

आखणी अशी पूर्ण होत आली असता एक अडचण पुढे आली, आणि तिने सारी ओटी क्षणभर स्तब्ध झाली.

विमलेश्वरला यात्रेकरू नावेत बसतात. गाडी नावेत चढत नाही. म्हणून चालक रिकामी गाडी घेऊन मागे फिरतो, अंकलेश्वर-भडोचच्या पुलावरून उत्तर तीराला जातो, आणि मिठी तलाईला यात्रेकरूंची वाट पाहत थांबतो. सर्वत्र हीच पद्धत आहे. कोणाला त्यात काही वावगे वाटत नाही.

आजींना वाटले. त्या म्हणाल्या, "मग त्या चालकाची परिक्रमा तुटली की!"

मुलाने समजूत घातली की चालक हा पगारी माणूस, त्याने संकल्प केलेला नाही, त्याचा प्रश्न येत नाही. आजींनी उत्तर दिले, "एकोणीस दिवस तो आमच्याबरोबर माईच्या काठाने हिंडणार. आम्ही झोपणार तेव्हा तो जागणार. आमची प्रदक्षिणा त्याच्या हातांनी होणार, आणि आमचा नियम राहावा म्हणून नियम मोडायचा तो त्यानेच? होडीवर तांडेल आणि खलाशी यांना वाटा वेगवेगळा मिळतो, पण वाटा सर्वांना मिळतो."

कोळीवाड्याच्या रीतीला धरूनच हे बोलणे होते. होडीच्या मिळकतीत नाखवा, तांडेल आणि खलाशी या प्रत्येकाचा भाग ठरलेला असतो. दर्यावर जो जो गेला त्याला रिकाम्या हाताने घरी पाठवीत नाहीत.

वाचकहो, देवाच्या वाटेवर आपल्या सोयीसाठी कोण कोण खपत असते, याचा विचार आपण क्वचितच करतो. स्वयंपाकी, हमाल, नावाडी, चालक यांच्या श्रमांवर आपले पुण्य उभे असते, आणि फलश्रुती ऐकताना मात्र आपण केवळ आपलेच नाव घेतो. या प्रश्नाला शास्त्रात काय उत्तर आहे ते पंडितांनी सांगावे. त्या ओटीवर मात्र उत्तर घरातूनच मिळाले.

मासळीचा टेम्पो चालविणारा नातू आतापर्यंत गप्प होता. त्याच्याकडे अशी गाडी चालविण्याचा परवाना आहे. तो म्हणाला, "विमलेश्वरपासून मिठी तलाईपर्यंत गाडी मी नेतो. चालकदादांना तुमच्याबरोबर नावेत घ्या."

"मग तुझी परिक्रमा?" आजींनी विचारले.

"माझी पुन्हा होईल, मला वय आहे," एवढेच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गाडीच्या मालकांना ही गोष्ट सांगण्यात आली आणि त्यांची संमती मिळाली. चालकालाही विचारले गेले. त्याने आनंदाने होकार दिला, आणि आपल्या आईसाठी कुपीभर जल आणता येईल का, एवढेच विचारले. यादीत आणखी एका कुपीची भर पडली.

ज्या कुटुंबात असा नातू नसेल, त्यांनी निराश होऊ नये. अंकलेश्वर परिसरात एका दिवसापुरता विश्वासू स्थानिक चालक मालकांच्या संमतीने ठरविता येतो का, हे आधी पाहावे. तेही शक्य नसेल तर निदान संकल्पाच्या वेळी आणि समाप्तीच्या अभिषेकाच्या वेळी कुपीला आपल्या हातांबरोबर सारथ्याचाही हात लावून घ्यावा. महाभारतात भगवंतांनी स्वतःसाठी जे काम निवडले ते सारथ्याचे होते, हे आपण विसरता कामा नये.

दारची नदी

निघण्यापूर्वी रीतीप्रमाणे गोलफादेवीला कौल लावला जाईल. वरळी कोळीवाड्यातील कोणतेही मोठे कार्य या मातेला विचारल्यावाचून होत नाही. कौल मिळाल्यावर दर्याला नारळ, आणि मग प्रस्थान.

या कोळीवाड्याला पूल ठाऊक आहेत, पण ते खालून. २००९ साली खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू त्याच्या दारातच उभा आहे. लाखो लोक त्यावरून काही मिनिटांत खाडी ओलांडतात. त्याखालून होड्या काढताना काय जपावे लागते ते मात्र होडीवाल्यालाच माहीत. सागरी किनारा मार्गाच्या पुलाखाली होड्यांना सुखरूप वाट मिळावी म्हणून खांबांतील अंतर वाढवून देण्याची मागणी कोळीवाड्याने दीर्घकाळ लावून धरली, आणि अखेर तो गाळा १२० मीटरांचा करण्याचे ठरले. पूल ही सोय खरी, पण तिची किंमत कोणीतरी पाण्यावर मोजत असतो, हे ज्ञान या वस्तीला अनुभवाने आले आहे. नर्मदेच्या मुखाकडेही भाडभूत येथे मोठ्या बंधाऱ्याचे काम हाती घेण्यात आले, तेव्हा तेथील मच्छीमार बांधवांनी आपल्या मासळीविषयी अशीच चिंता व्यक्त केली होती. संगमावर आपली नाव हाकणारे हात त्यांच्याच बंधूंचे आहेत.

आजींनी शेवटी एक गोष्ट सांगितली, ती सांगून हा लेख पुरा करतो. उत्तर तीरावर जेथे नाव लागते त्या गावाचे नाव मिठी तलाई. कोळीवाड्यासमोरच्या माहीमच्या उपसागराला येऊन मिळते तिचे नाव मिठी नदी. विहार आणि पवईच्या तलावांचे पाणी घेऊन निघालेली ही नदी शहराचे सारे पाप पोटात घेत आपल्या दारी येते. २६ जुलै २००५ च्या प्रलयात तिने आपली आठवण मुंबईला करून दिली, आणि शहर पुन्हा तिला विसरले. "नर्मदामाईला एकोणीस दिवस उजवीकडे ठेवायची," आजी म्हणाल्या, "आणि घरी आल्यावर दारच्या नदीकडे पाठ करायची, हे बरे दिसत नाही. आणलेले जल देवघरात ठेवू, पण त्यातले पळीभर हिलाही वाहू. आणि आपल्या घरचा केर खाडीत जायचा बंद करू."

परिक्रमेचे फळ काय, असे कोणी विचारले तर एवढे उत्तर पुरेसे आहे. एका नदीला आई मानावयास शिकलेला माणूस दुसऱ्या नदीला नाला म्हणू शकत नाही.

कार्तिकी पौर्णिमा झाल्यावर शुभ तिथी पाहून त्यांची गाडी निघेल. समोर कुपी, मागे शिधा, उजव्या हाताला माई. वाटेत पूल येतील आणि जातील. या यात्रेला आणि अशाच संकल्पाच्या तयारीत असलेल्या सर्व भाविक कुटुंबांना रेवामाई सुखरूप घरी आणो, हीच आजच्या मंगल दिनी प्रार्थना.

नर्मदे हर!